१५३० अंश बिनतक्रार सोसणारे एलिमेंट ५०० अंशाला पिवळी भुकटी का टाकतात?

दात_कारागीर

नमस्कार मंडळी. नाशिकला आमची छोटी डेंटल लॅब आहे, झिरकोनियाचे (दातासारखं पांढरं सिरॅमिक) क्राऊन-ब्रिज करतो. दिवाळीनंतर एक वापरलेली सिंटरिंग भट्टी (सच्छिद्र क्राऊन भाजून घट्ट करणारी) घेतली. कमाल तापमान १६५०, आम्ही चालवतो १५३०ला. छतातून खाली लोंबणारे यू आकाराचे चार एलिमेंट आहेत, खाली बारीक आणि वर जाड. मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे आहेत एवढं मॅन्युअलवरून कळलं.

अडचण अशी की हल्ली फिकट शेडचे क्राऊन किंचित हिरवट-पिवळट निघायला लागलेत. डॉक्टर परत पाठवतात. छताच्या भोकांपाशी पिवळसर भुकटी जमलेली दिसते. सर्व्हिसवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "एलिमेंटचा रेझिस्टन्स वाढलाय, चारही बदला." किंमत ऐकल्यावर मी चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

आधीच्या मालकाने सांगितलं होतं की दोन बॅचेसच्या मधे भट्टी बंद करू नका, ५००वर ठेवा, म्हणजे पुढची बॅच पटकन चढते. तसंच करतो. इथे कुणी भट्टीवाले असतील तर सांगा: खरंच चारही बदलावे लागतील? आणि ही भुकटी आहे तरी काय?

शंकासुर

१५३०ला काही होत नाही आणि ५००ला भुकटी? थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) उलटा लावलाय का?

(पॉपकॉर्न घेऊन बसतो. जाणकार येतीलच.)

मफल_मास्तर

भोसरीला भट्ट्या बनवतो, त्यामुळे राहवलं नाही.

पहिलं म्हणजे चारही बदलू नका. "रेझिस्टन्स वाढला, सेट बदला" हा नियम सिलिकॉन कार्बाइडच्या दांड्यांचा, ज्यांना आपल्याकडे सगळे ग्लोबार म्हणतात. त्या दांड्या वापरता वापरता आतून ऑक्सिडाइज होतात आणि त्यांचा रोध वाढत जातो, अगदी तीन-चार पटीपर्यंत. म्हणून त्यांच्या ट्रान्सफॉर्मरला टॅप (व्होल्टेज वाढवायच्या पायऱ्या) देतात, एक एक टॅप वर सरकवत जायचं. जुन्या दांडीशेजारी नवी लावली तर दोघींत करंट सारखा वाटला जात नाही, म्हणून तिथे सेट बदलणं बरोबर आहे.

मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचं तसं नाही. नेमून दिलेल्या तापमानात वापरला तर याचा रोध वयाबरोबर जवळपास बदलत नाही. एक तुटला तर एकच बदला, जुन्याच्या शेजारी सिरीजमध्ये नवा आरामात चालतो. कमाल तापमानाला सतत राबवलं तर दांडी हळूहळू बारीक होते आणि मग रोध वाढतो, पण तुमच्या १५३०ला ती वेळ यायला फार अवकाश आहे.

खात्री करायची असेल तर भट्टी १५००च्या वर स्थिर झाल्यावर क्लॅम्प मीटरने करंट मोजा आणि एलिमेंटच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा (हातमोजे घालून, नीट). भागाकार करा आणि चारही सारखे आहेत का बघा. थंड असताना साध्या मल्टिमीटरने मोजायला जाऊ नका. आकडा इतका लहान असतो की मीटरच्या वायरचाच रोध दिसेल. तुमच्या पाहुण्याने नेमकं तेच केलं असावं असा माझा संशय.

दात_कारागीर

मास्तर, अगदी तेच केलं होतं! भट्टी थंड होती आणि खिशातून मल्टिमीटर काढला होता.

किमयागार

निवृत्त धातुशास्त्रज्ञ आहे, थोडं पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

या पदार्थात वजनाने सुमारे ६३ टक्के मॉलिब्डेनम आणि ३७ टक्के सिलिकॉन. गंमत अशी की हवेत तापवायला दोघेही एकेकटे कुचकामी. मॉलिब्डेनम २६०० अंशांच्या वर वितळतो, पण हवेत ७००-८००च्या पुढे त्याचा ऑक्साइड वाफ होऊन उडायला लागतो आणि धातू डोळ्यांदेखत झिजतो. सिलिकॉन तर १४१४लाच वितळतो. दोघांचं संयुग मात्र २०३०च्या आसपास वितळतं आणि हवेत १७००-१८०० अंशाला हजारो तास तग धरतं.

त्यातला टिकाऊपणा संयुगाच्या अंगचा नाही, त्याच्या कातडीचा आहे. तापलेल्या पृष्ठभागावरचं सिलिकॉन हवेतला प्राणवायू घेऊन सिलिका होतं, म्हणजे काच. ती पातळ, सलग, चिकट काच आतल्या मालाला हवेपासून तोडते. तडा गेला की खालचं सिलिकॉन पुन्हा हवेला भिडतं आणि जखमेवर खपली धरावी तशी नवी काच धरते. सिलिकॉन असं खर्च झाल्यामुळे काचेच्या लगेच खाली मॉलिब्डेनम जास्त असलेल्या दुसऱ्या सिलिसाइडचा पातळ थर तयार होतो, तोही बिचारा निमूट राहतो. मॉलिब्डेनमचा जो थोडा ऑक्साइड होतो तो त्या तापमानाला वाफ होऊन निघून जातो, काचेच्या वाटेत येत नाही.

आता ५०० अंशाला काय होतं ते बघा. ४०० ते ६०० या पट्ट्यात सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम दोघेही जवळपास एकाच चालीने ऑक्सिडाइज होतात. सलग काच धरायला लागणारी चपळाई सिलिकॉनकडे या तापमानाला नसते, आणि मॉलिब्डेनमचा ऑक्साइड उडून जाण्याइतकी उष्णताही नसते. तो ७९५ला वितळतो, इथे तो घनच राहतो. सिलिकाच्या मधेमधे त्याचे पिवळट स्फटिक वाढतात आणि ते मूळ मालापेक्षा बरीच जास्त जागा मागतात. भेगेत किंवा छिद्रात वाढले तर पाचर ठोकल्यासारखी भेग उघडतात, उघडलेल्या भेगेत आणखी हवा, आणखी ऑक्साइड. एरिख फिट्झर या जर्मन संशोधकाने १९५५मध्ये याचं वर्णन केलं. सच्छिद्र तुकडा या पट्ट्यात ठेवून दिला तर काही काळाने अख्ख्या तुकड्याची पूड हातात येते. जाणकार याला पेस्टिंग म्हणतात.

तेव्हा कारागीर, तुमच्या भोकांपाशी जमलेली भुकटी म्हणजे बहुतेक मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड. आणि दोन बॅचेसच्या मधे ५००वर ठेवणं म्हणजे एलिमेंटला त्याच्या सगळ्यात वाईट तापमानाला मुद्दाम बसवून ठेवणं. माझं मत विचाराल तर एलिमेंट आतून पोखरले गेले असण्याची शक्यता आहे, मास्तर म्हणतात तितकं निर्धास्त राहू नये.

मफल_मास्तर

किमयागार काका, विज्ञान मान्य, पण शेवटच्या वाक्याला हरकत.

तुम्ही सांगता ती पूड प्रयोगशाळेत दाबून बनवलेल्या सच्छिद्र तुकड्यांची. बाजारातला एलिमेंट शुद्ध डायसिलिसाइड नसतो. त्यात साधारण पाचवा हिस्सा अॅल्युमिनोसिलिकेट काच मिसळलेली असते, ती छिद्रं बुजवते. शिवाय कारखान्यातून येतानाच त्याच्यावर उच्च तापमानाला काचेची कातडी चढवलेली असते. त्यामुळे ५००ला पृष्ठभागावर पिवळी भुकटी येते, एलिमेंट मात्र पोखरला जात नाही. प्रत्येक एलिमेंटची मान छतातून जाते तिथे कुठे ना कुठे ५०० अंशाचा पट्टा कायमच असतो, भट्टी १७००ला असली तरीही. पेस्टिंगने एलिमेंट मरत असते तर प्रत्येक भट्टीत मानेशीच तुटले असते. तसे तुटतात ते बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने, ते पुढे सांगतो.

किमयागार

मान्य. काचमिश्रित घन मालाला तुमचाच अनुभव धरावा. पण कातडीला टवका गेलेला, भेगाळलेला एलिमेंट असेल तर माझं वाक्य उभं राहतं. बाहेर काढण्याच्या भानगडीत न पडता टॉर्चने बघा: कातडी चकचकीत, काचेसारखी दिसली तर उत्तम. मातकट, खडबडीत पट्टे दिसले तर सावध.

दात_कारागीर

टॉर्च मारली. खालचा बारीक भाग चकचकीत आहे. वरच्या जाड भागात, छताच्या लगेच खाली, चमक कमी आणि पिवळट डाग. मग एलिमेंट धड असताना क्राऊन का रंगतात?

राइनकाठी

मी जर्मनीत आहे, उच्च तापमानाच्या लेपांवर काम करते. दातांतलं कळत नाही, पण झिरकोनियावर मॉलिब्डेनमचा डाग ही या भट्ट्यांची ओळखीची तक्रार आहे, इथल्या लॅबवाल्यांकडूनही ऐकली आहे.

भट्टी ५००वर असते तेव्हा भुकटी तयार होऊन छताला, विटांना, एलिमेंटच्या मानेला चिकटते. पुढची बॅच चढताना ७००-८००च्या पुढे तीच भुकटी वाफ होते. क्राऊन तेव्हा अजून सच्छिद्र असतो, सिंटर झालेला नसतो. वाफ आत शिरते आणि मग १५००ला छिद्रं मिटली की रंग आत कोंडला जातो. वरून घासून जात नाही तो म्हणूनच.

एक विचारते: झिरकोनियाला शेड देण्यासाठी कलरिंग लिक्विडमध्ये बुडवता का? आणि नंतर किती वाळवता?

दात_कारागीर

हो ताई, बुडवतो. वाळवणं... घाई असेल तर दिव्याखाली थोडं ठेवून सरळ भट्टीत.

राइनकाठी

मग दोन गोष्टी एकत्र आल्यात. त्या द्रवात धातूंचे क्षार असतात, बरेचदा आम्लात विरघळवलेले. ओला क्राऊन भट्टीत गेला की पाण्याबरोबर आम्लाच्या, क्लोराइडच्या वाफा उठतात, नेमक्या खालच्या तापमानाला. एलिमेंटच्या काचेच्या कातडीला त्या मानवत नाहीत. फ्लोराइड तर काचेचा उघड वैरीच. सोडियम-पोटॅशियम असलेली धूळ बसली तरी काच कमी तापमानाला पातळ होऊन ओघळते. क्राऊन पूर्ण कोरडा करूनच आत ठेवा, आणि वाळवण्यासाठी वेगळा साधा ओव्हन ठेवा. सिंटरिंग भट्टीत वाळवू नका.

मफल_मास्तर

+१. आता करायचं काय ते लिहितो.

क्राऊन, ट्रे, मणी सगळं बाहेर काढा. भोकांपाशी हाताला लागणारी भुकटी मऊ ब्रशने आणि व्हॅक्युमने काढा, मास्क लावून. एलिमेंटला धक्का लावू नका: थंड असताना हा माल चिनी मातीच्या कपाइतकाच ठिसूळ असतो. मग भट्टी रिकामी चालवा. ४००-६००चा पट्टा न थांबता पार करा, मॅन्युअलमध्ये 'रीजनरेशन' नावाचा प्रोग्रॅम असेल तर तोच वापरा, नसेल तर १४५०च्या वर तास-दोन तास राहू द्या. साठलेला ऑक्साइड उडून जातो आणि एलिमेंटवर नवी काच धरते. आत झिरकोनियाचे टाकाऊ तुकडे ठेवले तर आणखी बरं, उरलीसुरली घाण ते शोषतात. तुकडे पांढरे निघाले की समजायचं भट्टी साफ.

आणि ५००वर राखून ठेवणं आजपासून बंद. मधे वेळ असेल तर भट्टी सरळ खाली येऊ द्या.

शंकासुर

भट्टी मधेमधे थंड केली तर तापताना-निवताना कातडीला तडे नाही जाणार? आणि वीज जास्त नाही लागणार?

मफल_मास्तर

जातात ना. १५००च्या पुढे जाड झालेली काच थंड होताना कधी टवक्याने सुटते आणि खाली पडते. माल उघडा ठेवला असेल तर त्यावर पडते, म्हणून ट्रेला झाकण हवं. एलिमेंटला त्याने काही होत नाही, पुढच्या तापण्यात नवी काच येते.

विजेचं म्हणाल तर ५००वर तासन्‌तास धरून ठेवायलाही वीज लागतेच की. या छोट्या भट्ट्यांना फायबरचं अस्तर असतं, ते उष्णता साठवत नाही, चटकन चढतं. आधीच्या मालकाचा सल्ला जड विटांच्या भट्टीतून आला असावा.

आता ते तुटण्याचं कारण. मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचा रोध तापमानाबरोबर प्रचंड वाढतो. एक उदाहरण घेऊ: ६ मिलिमीटर जाडीचा, दोन्ही पाय मिळून ४० सेंटिमीटर तापणारा एलिमेंट. १६०० अंशाला याचा रोध साधारण ०.०५ ओहम. १५० अँपिअर सोडले तर साडेसात व्होल्ट पडतात आणि सुमारे ११०० वॅट मिळतात. छान. आता तेच साडेसात व्होल्ट थंड एलिमेंटला द्या. थंड असताना रोध दहा-बारा पट कमी, ०.००४ ओहमच्या आसपास. करंट किती? १७००-१८०० अँपिअर! फ्यूज, थायरिस्टर (करंट कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), पट्ट्या, जे कमकुवत असेल ते आधी जाईल.

म्हणून या भट्टीला कमी व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर आणि करंट लिमिट असलेला थायरिस्टर कंट्रोलर लागतोच. स्वस्तात ऑन-ऑफ कॉन्टॅक्टर बसवून दिलेल्या भट्ट्या मी दुरुस्तीला आलेल्या पाहिल्यात. प्रत्येक ठोक्याला एलिमेंट थरथरतो.

दुसरं कारण मानेचं. बारीक भाग जिथे जाड होतो तो उतार पूर्णपणे भट्टीच्या पोकळीत, छताच्या खाली हवा. तो छताच्या विटेत अडकला तर तिथे उष्णता कोंडते आणि एलिमेंट मानेशी जातो. भोकात फायबर हलक्या हाताने भरा, ठासून नको. पण अजिबात न भरता मोकळं ठेवलं तर भट्टीतली गरम हवा धुराड्यासारखी वर येते आणि वरच्या, एलिमेंटला वीज पोचवणाऱ्या अॅल्युमिनियमच्या वेणीपट्ट्या जळतात. अॅल्युमिनियम ६६०लाच वितळतं हे विसरू नका.

चाक_आणि_माती

धागा आवडला, वाचनखूण साठवली. पुण्यात माझा छोटा पॉटरी स्टुडिओ आहे, १२४०ला स्टोनवेअर भाजते. वायरची कॉइल सारखी सारखी जाते. मीही हे एलिमेंट लावून घेऊ का? शिवाय कधीतरी धुराची रिडक्शन फायरिंगही (भट्टीत प्राणवायू कमी ठेवून भाजणं) करायची आहे.

मफल_मास्तर

नको. १२४०ला लोह-क्रोमियम-अॅल्युमिनियमची जाड वायर पुरते. कॉइल जाते कारण बहुतेक वायर बारीक असते किंवा तिच्यावर ग्लेझ उडालेलं असतं. तिचीही हीच कथा आहे, फक्त कातडी सिलिकाची नाही, अॅल्युमिनाची. स्वीडनमधल्या हाल्स्टाहामार गावच्या कांथाल कंपनीने १९३०च्या दशकात ही वायर बाजारात आणली आणि पुढे १९५०च्या दशकात मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे एलिमेंटही त्यांनीच आणले. आपल्याकडे अजून कुठल्याही कंपनीच्या वायरला 'कांथाल' म्हणतात ते त्यामुळे. तुम्हाला ट्रान्सफॉर्मर, कंट्रोलर सगळं नवं घ्यावं लागेल, त्यात दोन साध्या भट्ट्या येतील.

किमयागार

आणि रिडक्शनबद्दल. या सगळ्या कातड्यांना प्राणवायू हवा. तो नसेल तर सिलिका पुन्हा धरत नाही, उलट सिलिकॉन मोनॉक्साइडच्या वाफेने विरत जाते. म्हणून हवेत १७०० सोसणारा हाच एलिमेंट अगदी कोरड्या हायड्रोजनमध्ये ११५०च्या आसपासच थांबवावा लागतो. त्याच हायड्रोजनमध्ये थोडी पाण्याची वाफ असली की मर्यादा १४५०च्या आसपास जाते, कारण त्या वाफेतून कातडीपुरता प्राणवायू मिळतो. निर्वात भट्टीतही हीच रड, तिथे ग्रॅफाइट किंवा शुद्ध मॉलिब्डेनम, टंगस्टन लागतात. रिडक्शन करायचंच असेल तर मधूनमधून हवेत एक फायरिंग करून कातडी पुन्हा धरू द्यावी. वायरच्या कॉइललाही हाच उपाय लागू आहे.

शंकासुर

एक भाबडा प्रश्न. हवेत १७०० अंश झेलणारा पदार्थ हाताशी आहे, तर विमानाच्या इंजिनातली पाती याचीच का करत नाहीत? तिथे तर निकेलच्या मिश्रधातूत बारीक भोकं पाडून त्यातून हवा खेळवून कशीबशी थंड ठेवतात असं वाचलंय.

राइनकाठी

भाबडा अजिबात नाही, याच प्रश्नावर लोकांच्या नोकऱ्या चालल्यात, माझीही!

पहिली अडचण वजन पेलण्याची. हा पदार्थ साधारण १००० अंशाच्या खाली काचेसारखा फुटतो आणि १२००च्या वर स्वतःच्या भाराने हळूहळू वाकायला लागतो. भट्टीत त्याला फक्त लोंबायचं असतं, त्यामुळे चालतं. पात्याला मात्र प्रचंड वेगाने फिरताना स्वतःला ओढून धरायचं असतं, वर एखादा पक्षी किंवा खडा आला तर तोही सोसायचा. १९९०च्या दशकात अमेरिकेत लॉस अलामोसला आणि इतरत्र यावर खूप काम झालं, सिलिकॉन कार्बाइडचे, सिलिकॉन नायट्राइडचे कण मिसळून बघितले. पाती नाही झाली, पण त्या जोडीतून दुसरीकडे उपयोग निघाला: सिलिकॉन नायट्राइडमध्ये मॉलिब्डेनम डायसिलिसाइड मिसळलं की वीज वाहणारं आणि तरी मजबूत सिरॅमिक मिळतं. डिझेल गाड्यांच्या सिरॅमिक ग्लो प्लगमध्ये (थंड इंजिन सुरू करताना तापणारा भाग) ही जोडी वापरली गेली आहे. काही सेकंदांत लाल होतात ते.

दुसरा रस्ता नायोबियम सिलिसाइडचा. इथे नायोबियमचा चिवट धातू आणि त्याचे कडक सिलिसाइड एकाच ओतकामात एकमेकांत विणलेले असतात. निकेलच्या मिश्रधातूंहून हलका, १७००च्या वर वितळणारा. पण नायोबियमचा ऑक्साइड सच्छिद्र, भुसभुशीत, कातडी म्हणून निकामी. म्हणून क्रोमियम, टायटॅनियम, हाफ्नियम घालून मिनतवाऱ्या करतात. तिसरा रस्ता मॉलिब्डेनम-सिलिकॉन-बोरॉनचा. बोरॉनमुळे काच थोडी पातळ होते आणि कमी तापमानालाही वाहून भेग बुजवते. त्यासाठी बोरॉन मुद्दाम घालतात, कारण कारागीरभाऊंच्या भुकटीचा प्रश्न इथेही आहेच.

या शर्यतीत सध्या पुढे गेलंय ते भलतंच कुणी: सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंनी विणलेलं सिलिकॉन कार्बाइड. प्रवासी विमानांच्या लीप इंजिनात २०१६पासून टर्बाइनच्या भोवतालचं कडं त्याचं असतं. तेही काचेच्या कातडीवरच जगतं, आणि तिथे नवीनच शत्रू भेटला: इंधन जळून होणारी पाण्याची वाफ. वेगाने वाहणारी गरम वाफ सिलिकाला वायुरूप करून घेऊन जाते. म्हणून कातडीवर आणखी एक कातडी, यटर्बियम सिलिकेटसारख्या लेपाची. किमयागार काकांच्या हायड्रोजनला वाफ मानवली, आमच्या टर्बाइनला तीच वाफ खाते!

पीएसएलव्ही_प्रेमी

रॉकेटची बाजू राहिली. तिथे सिलिसाइड भांडं म्हणून नाही, रंग म्हणून येतं. नायोबियमचे नॉझल हलके आणि चिवट, पण उघडे ठेवले तर जळतात. म्हणून त्यांच्यावर सिलिसाइडचा लेप. अमेरिकेत एका रूढ लेपात सिलिकॉनबरोबर २० टक्के क्रोमियम आणि २० टक्के लोह असतं: भुकटी पातळ करून फवारायची, निर्वात भट्टीत भाजायची, सिलिकॉन पृष्ठभागात मुरून सिलिसाइड होतं. स्पेस शटल कक्षेत ज्या छोट्या थ्रस्टरने वळायचं ते असेच लेप दिलेले नायोबियमचे होते.

आपल्या पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे नॉझलही नायोबियमच्या मिश्रधातूचे, आपल्याकडे अजून जुन्या नावाने कोलंबियम म्हणतात. २०२४मध्ये इस्रोने त्याऐवजी कार्बन-कार्बनचा नॉझल बनवून महेंद्रगिरीला तपासला, १९ मार्चला ६० सेकंद आणि २ एप्रिलला २०० सेकंद. कार्बनवर सिलिकॉन कार्बाइडचा लेप आहे. नॉझलचं वजन ६७ टक्क्यांनी कमी होतं आणि रॉकेट १५ किलो जास्त वाहू शकेल असं त्यांनी जाहीर केलं.

किमयागार

मुंबईकरांसाठी भर: तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही मॉलिब्डेनम आणि नायोबियमच्या मिश्रधातूंवर सिलिसाइडचे लेप बसवण्याचं काम झालं आहे, उच्च तापमानाच्या छोट्या अणुभट्टीच्या संदर्भात. पद्धत जुनीच पण देखणी. डब्यात सिलिकॉनची भुकटी, अॅल्युमिना आणि चिमूटभर अमोनियम क्लोराइड (म्हणजे नवसागर) किंवा फ्लोराइड भरायचं, त्यात वस्तू पुरायची, आणि आर्गॉनमध्ये १००० अंशाच्या घरात भाजायची. हॅलाइडची वाफ सिलिकॉन उचलून वस्तूवर नेऊन ठेवते आणि पुन्हा भुकटीकडे परतते. म्हणजे जो क्लोराइड कारागिरांच्या एलिमेंटचं नुकसान करतो, तोच इथे हमाली करतो.

शंकासुर

काका, हे भारी आहे. उभ्या जन्मात नवसागराचा उपयोग भांड्याला कल्हई लावायलाच होतो असं वाटायचं.

दात_कारागीर

मंडळी, अपडेट. ५००वर ठेवणं बंद केलं. भुकटी झाडली, टाकाऊ झिरकोनिया घालून रिकामी भट्टी १५००ला चालवली. पहिल्या खेपेला तुकडे पिवळट निघाले, नंतर स्वच्छ. क्लॅम्प मीटर शेजारच्या वाइंडिंगवाल्याकडून आणला: तीन एलिमेंट अगदी सारखे, चौथ्याचा आकडा किंचित वर. त्याचीच एक वेणीपट्टी सैल आणि काळी पडलेली होती. ती बदलल्यावर चौथाही रांगेत आला. वाळवायला जुना टेबल-ओव्हन काढलाय.

फिकट शेडचे क्राऊन आता बरे येतायत, डॉक्टरांकडून या आठवड्यात परत काही आलं नाही. सगळ्यांचे आभार.

एक राहिलं: आधीच्या मालकाने भट्टीबरोबर एका डब्यात दोन तुटके जुने एलिमेंट दिलेत. वेल्ड होतात का?

मफल_मास्तर

कारखान्यात बारीक आणि जाड भाग जोडतात ते वेल्डिंगच असतं, पण त्याला खास सोय लागते. गल्लीतल्या वेल्डरकडे नेऊ नका, तडकेल. टाकूही नका, त्यात निम्म्याहून जास्त मॉलिब्डेनम आहे. कार्बाइडच्या टिप्स घेणारा भंगारवाला गाठा, तो वेगळा भाव देईल. लोखंडाच्या ढिगात फेकलंत तर गेलं. आणि हो, नवीन पट्टी बसवलीत ना, एक-दोन वेळा भट्टी तापून थंड झाली की तिचा क्लॅम्प पुन्हा तपासा, पहिल्या तापण्यात तो हमखास ढिला होतो.